रात्रीची हवा आणि झोपेचा हिशेब



थंडी पडायला लागली की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "बेडरूममध्ये ते हवा शुद्ध करायचं मशीन लावलंय ना तुम्ही? रात्रभर चालू ठेवता? खरंच झोप लागते का हो?" हो किंवा नाही असं एका शब्दात सांगून भागत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही. बी. कॉम. झालेली, चाळीस वर्षं घर सांभाळलेली बाई आहे. त्यामुळे यात घरातला अनुभव आहे, थोडं वाचन आहे आणि सवयीने आलेला जमाखर्च आहे.

आमच्या घरी हे मशीन हौसेने आलेलं नाही. ह्यांना दमा आहे, तरुणपणापासूनचा. पावसाळा बरा जातो, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने रात्रीचे कठीण. दीड-दोनला खोकला सुरू होतो, मग उशा रचून बसणं, गरम पाणी, छातीतली शिट्टी. ते जागे म्हणजे मीही जागी. त्यातच आमच्या शेजारची जुनी इमारत पाडून नवी उभारायचं काम निघालं. दिवसभर सिमेंटची धूळ, खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं तर राखाडी रेघ उठायची. मुलगा बंगळूरहून फोनवर म्हणाला, "आई, बाकी घराचं राहू दे, निदान बाबांच्या झोपायच्या खोलीत एक प्युरिफायर लाव."

आता थंडीतच हवा का बिघडते, ते आधी सांगते. उन्हाळ्यात जमीन तापते, गरम हवा वर जाते आणि धूर-धूळ सोबत घेऊन जाते. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खालीच बसते आणि तिच्यावर थोडी उबदार हवा झाकणासारखी राहते. मग गाड्यांचा धूर, शेकोट्या, जाळलेला कचरा, बांधकामाची धूळ सगळं त्या झाकणाखाली अडकतं. पुणं तर टेकड्यांनी वेढलेलं, इथे ते लवकर पांगत नाही. म्हणून थंडीत पहाटेची हवा ताजी वाटली तरी पुष्कळदा तीच जास्त वाईट असते. पाषाणची आयआयटीएम संस्था 'सफर' नावाची हवेची माहिती देते, ती मी रोज बघते. आकडा ५० पर्यंत असला तर हवा चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० च्या वर गेला की वाईट.

त्यात ज्या कणांना 'पीएम २.५' म्हणतात ते सगळ्यात त्रासदायक. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे. नाकातल्या केसांना ते दाद देत नाहीत, थेट फुप्फुसात खोलवर जातात. आपल्या देशाच्या २००९ च्या मानकाप्रमाणे चोवीस तासांची सरासरी एका घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेली मर्यादा त्याहून कितीतरी कडक आहे, फक्त १५.

मशीनचं काम तसं साधं आहे. आत एक पंखा आणि त्याच्यापुढे घड्या घातलेला जाड कागदासारखा फिल्टर. त्याला 'हेपा' म्हणतात. खरा हेपा ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो, आणि अडवायला तेच आकाराचे कण सगळ्यात अवघड असतात. वासासाठी कोळशाचा एक थर असतो. बास. हे मशीन प्राणवायू तयार करत नाही. बंद खोलीत दोन माणसांच्या श्वासाने जो कार्बन डायऑक्साइड वाढतो तोही कमी करत नाही. म्हणून आम्ही खोलीचं दार हॉलच्या बाजूने चार बोटं उघडं ठेवतो. अगदी घट्ट बंद खोलीत सकाळी डोकं जड होतं, आणि त्याचा दोष मशीनला देण्यात अर्थ नाही.

घेताना दुकानदार बरंच काही सांगतो. मी दोनच गोष्टी पाहिल्या. पहिली म्हणजे 'सीएडीआर', मशीन तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं तो आकडा. आमची खोली १२ बाय ११ फूट, उंची साडेनऊ फूट. म्हणजे १,२५४ घनफूट, साधारण ३५ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा फिरायची तर १७५ च्या पुढचा आकडा हवा. छापलेला आकडा पूर्ण वेगाचा असतो आणि झोपेच्या मंद वेगात तो बराच कमी होतो, म्हणून मी २५० चं घेतलं. दुसरी गोष्ट, ओझोन सोडणारं मशीन नको. ओझोन दमेकऱ्याला त्रासच देतो.

आणि एक तिसरी गोष्ट आपली म्हणून पाहिली. डास खेचून चिकटवून मारणारं मशीनही मिळतं. दुकानदार ते कौतुकाने दाखवत होता. मी म्हटलं, "भाऊ, डासांसाठी आमच्याकडे मच्छरदाणी आहे." मच्छरदाणीत डासही वाचतो आणि आपणही. शिवाय ज्या खोलीत दमेकरी झोपतो तिथे डासांची अगरबत्ती जाळायची आणि मग तो धूर गाळायला मशीन लावायचं, यात काय शहाणपण?

सुरुवातीला ह्यांची कुरकुर होतीच. "अगं, एसटीत झोपल्यासारखं वाटतंय. सांगली कधी येणार?" दोन-तीन रात्री गेल्या आणि तो आवाज कानाला सरावला. उलट त्या एकसुरी घरघरीमुळे रस्त्यावरच्या कुत्र्यांचं भुंकणं कमी जाणवू लागलं. मशीनवरचा निळा दिवा मात्र डोळ्यांवर येतो, तो बंद करायचं बटण आहे का ते घेतानाच बघा.

आता खरा प्रश्न, झोपेचा. मी वहीत रोज सकाळी लिहीत गेले, ह्यांना किती वेळा उठावं लागलं ते. आधी रात्री दोन-तीनदा उठणं ठरलेलं. मशीन लावल्यावर पंधरा दिवसांत बऱ्याच रात्री एकदा, काही रात्री एकदाही नाही. हे सगळं मशीनचंच श्रेय असं मी म्हणणार नाही. त्याच दिवसांत मी केर काढायची कोरडी केरसुणी बंद करून ओल्या फडक्याने पुसायला लागले होते, जाड पडदे काढून सुती लावले होते, उशांचे अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात धुवत होते. आणि आपल्याकडे सूर्यास्ताआधी जेवण उरकतं, फोडणीचा शेवटचा धूर सहाच्या आत निघून गेलेला असतो. झोपेपर्यंत घर शांत झालेलं असतं. हा आपल्या नियमाचा न मागता मिळालेला फायदा.

पण जानेवारीत एक गोष्ट घडली आणि ती सांगण्यासाठीच मी खरं म्हणजे हा लेख लिहायला घेतला. एका रात्री तीनच्या सुमाराला हे एकदम उठून बसले. छाती वाजत होती, बोलताना दोन शब्दांमागे श्वास घ्यावा लागत होता. मशीन चालूच होतं, त्यावरचा हवेचा आकडाही उत्तम. लगेच आराम देणारा पंप दिला, अर्ध्या तासाने उतार पडला. सकाळी मी औषधाची बाटली काढली. दम्याच्या रोजच्या कॅप्सुल, ३० ची बाटली, सकाळी एक आणि रात्री एक ओढायची. म्हणजे बाटली पंधरा दिवसांत संपली पाहिजे. पंधरा दिवस पूर्ण झाले होते आणि बाटलीत आठ शिल्लक. हिशेब लपत नाही.

"अहो, या आठ कुठल्या?" मी विचारलं.

हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "झोप चांगली लागत होती गं. म्हटलं आता हवाच शुद्ध आहे, रात्रीचं औषध कशाला?"

मला राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली. त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फार सोपं करून सांगितलं. मशीन बाहेरून येणारी धूळ कमी करतं. औषध श्वासनलिकेच्या आतली सूज कमी करतं. ही दोन वेगळी कामं आहेत, एकाने दुसऱ्याची रजा टाकायची नाही. तेव्हापासून बाटली चहाच्या डब्याशेजारी असते आणि मोजणी माझ्याकडे. तुमच्या घरी दमेकरी असेल आणि तुम्ही मशीन आणलंत, तर ही एक गोष्ट लक्षात ठेवा. बरं वाटायला लागलं की माणूस पहिलं औषध सोडतो.

आता धर्माची बाजू. ती सोडून मला पुढे जाता येत नाही. ह्यांच्या थोरल्या बहीण, आमच्या आक्का, सांगलीहून आठ दिवस राहायला आल्या होत्या. त्या व्रती आहेत, स्वतःसाठी पंखासुद्धा लावत नाहीत. मशीन पाहून त्यांनी विचारलं, "अगं, हवा हासुद्धा जीव आहे. वायुकायिक. रात्रभर ती अशी घुसळत ठेवायची?"

मी खोटा युक्तिवाद केला नाही. हिंसा होत नाही असं मला म्हणता येणार नाही. पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू, वनस्पती हे पाच स्थावर आपण लहानपणापासून शिकलो. वीज वापरली की तिथेही आरंभ आलाच. मुनिमहाराजांचा मार्ग वेगळा आणि संसारी श्रावकाचा वेगळा, एवढंच मी म्हटलं. आणि दमलेल्या माणसाकडे बोट दाखवलं.

आक्का थोडा वेळ गप्प राहिल्या. मग विचारलं, "दिवसा खोली रिकामी असताना चालू असतं का?"

"नाही आक्का. झोपायच्या आधी तासभर आणि मग रात्री. सकाळी सहाला बंद."

"मग ठीक. गरज आहे तोवर लाव. गरज संपली की बटण बंद करायला विसरू नको."

आपल्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंड सांगितला आहे. त्यात प्रमादचर्या येते, म्हणजे विनाकारण जमीन खणणं, पाणी सांडणं, अग्नी पेटवणं, वारा घालणं. समंतभद्र आचार्यांच्या काळी प्युरिफायर नव्हता, पण रिकाम्या खोलीत तो चालू ठेवणं याच सदरात बसतं, हे कळायला पंडित लागत नाही.

खर्चाचं बघू. मशीन ११,००० चं, पाच वर्षं टिकेल असं धरून वर्षाचा घसारा २,२००. फिल्टर वर्षाला एक, २,४००. वीज महिन्याला सात युनिट, आमच्याकडे सगळे आकार धरून युनिटला १० रुपये, म्हणजे ७० रुपये. चार महिन्यांचे २८०. एकूण ४,८८०. आम्ही १२० रात्री वापरतो, म्हणजे रात्रीला साधारण ४१ रुपये. आमच्या घरात दोन माणसांच्या झोपेला हा भाव मला महाग वाटत नाही. पण ज्यांच्या घरी कोणाला त्रास नाही, खिडकीबाहेर झाडं आहेत, त्यांनी शेजारणीने घेतलं म्हणून घेऊ नये. परिग्रह तेवढाच कमी.

शेवटी रोजचा क्रम सांगते. थंडीत खिडक्या पहाटे नाही, दुपारी एक ते तीनमध्ये उघडा, तेव्हा हवा वर गेलेली असते. समोर धूळ उडत असेल तर काम बंद असेल त्या दिवशी. उदबत्ती आणि धूप झोपायच्या खोलीत नको. मशीन भिंतीला चिकटवू नका, फूटभर अंतर ठेवा. झोपेआधी तासभर मोठ्या वेगावर, मग मंद. बाहेरची जाळी पंधरा दिवसांनी पुसा, पण हेपा धुऊ नका, तो धुतला की गेला. मार्च लागला की आम्ही मशीन पुसून, कापड गुंडाळून माळ्यावर ठेवतो.

आणि औषधाच्या कॅप्सुल मोजा. ते काम कुठलंही मशीन करत नाही.

जय जिनेंद्र.