पाटाचा हँगर

गिरगाव, मुंबई
भाऊबीज

चि. सोनूस,


तुझ्या आईच्या बॅगेतून आलेला लाकडी हँगर पाहून तू फोनवर विचारलंस, "मामा, सिंगापूरला हँगर मिळत नाहीत का?" मिळतात. तुझ्या डायव्हिंगच्या वेटसूटसाठी रुंद खांद्यांचे खास हँगरही मिळतात. पण हा तुझ्या आजीने करवून घेतलेला आहे. का करवून घेतला, ते फोनवर नीट सांगता आलं नसतं म्हणून लिहायला बसलो.

तारकर्लीला डायव्हिंग शिकलो त्या वर्षी मी जुना ३ मिलिमीटरचा वेटसूट, बीसीडी म्हणजे हवा भरायचं जाकीट, रेग्युलेटर, मास्क आणि फिन्स घेतले. आपल्या चाळीतल्या दोन खोल्या तू पाहिल्या आहेस. तेव्हा त्यांत आम्ही पाच जण राहत होतो. मे महिन्यातली शेवटची डाइव्ह झाली आणि रात्रीची बस गाठायच्या घाईत सगळं सामान एकाच बादलीत बुचकळून काढलं. रेग्युलेटरचं हवा शिरायचं तोंड झाकणारं डस्ट कॅप लावायचं राहून गेलं. घरी येऊन वेटसूटची घडी घातली, बाकीचं त्यावर कोंबलं आणि ट्रंक पलंगाखाली सारली. आपला कोकणचा समुद्र पावसाळ्यात डायव्हिंगला बंद असतो. ट्रंक उघडली ती ऑक्टोबरात.

वेटसूटला कमरेपाशी घडीची खोल रेघ पडली होती आणि काखेत काळी बुरशी धरली होती. निओप्रीनमध्ये वायूचे बारीक बुडबुडे कोंडलेले असतात, त्यांच्यामुळेच पाण्यात ऊब राहते. चार महिने घडीखाली दबलेले बुडबुडे पुन्हा फुगत नाहीत. पुढच्या डाइव्हला कमरेभोवती पट्टा बांधावा तशी थंडी लागली.

पण खरा घोटाळा रेग्युलेटरमध्ये होता. होडीत श्वास घेऊन पाहिला, ठीक वाटला. १० मीटरवर गेल्यावर हवा ओढावी लागायला लागली. तिथे दाब वरच्या दुप्पट असतो, म्हणून प्रत्येक श्वासाला हवाही दुप्पट लागते, आणि ती येईना. मी खूण केली. प्रशिक्षकाने त्याचा जादा रेग्युलेटर माझ्या तोंडात दिला आणि हाताला धरून सावकाश वर आणलं. नंतर दुरुस्तीवाल्याने फर्स्ट स्टेज उघडून दाखवली. सिलिंडरमधली सुमारे २०० बारची हवा जिथून आत शिरते, ती जाळी हिरवट गंजाने आणि मिठाने भरली होती.

हे मी घरी सांगितलं. आई रागावली नाही. तिने एवढंच विचारलं, "ज्यातून श्वास घ्यायचा, त्याला घरात जागा नाही?" मी म्हटलं, घरात माणसांनाच जागा पुरत नाही. ती म्हणाली, "जागा शोधायची नसते, करायची असते."

दाराआडच्या खुंटीवर तिच्या रोजच्या दोन साड्या असायच्या. त्या तिने दोरीवर नेल्या आणि ती खुंटी वेटसूटला दिली. तारेच्या हँगरने सूटच्या खांद्याला खाच पडते हे तिला मीच सांगितलं होतं. माळ्यावर एक मोडका पाट होता. तो तिने सुताराकडे नेला आणि त्याच्या फळीतून चार बोटं रुंद, गोल खांद्यांचा हँगर करवून आणला. तोच तुझ्याकडे आहे.

त्यानंतर घरात जो क्रम ठरला तो आजही मोडलेला नाही. आल्या आल्या सगळं मोरीत गोड्या पाण्यात तासभर भिजवायचं. रेग्युलेटरचं डस्ट कॅप आधी कोरडं करून घट्ट लावायचं, आणि पाण्यात असताना हवा सोडायचं पर्जचं बटण दाबायचं नाही, नाहीतर पाणी नळीतून थेट आत चढतं. बीसीडीच्या आतही गोडं पाणी खळबळून ओतून टाकायचं. मग सगळं गॅलरीत सावलीत वाळवायचं. उन्हाने रबर आणि निओप्रीन लवकर कडक होतात. सूट आधी उलटा वाळवायचा, मग सुलटा.

वाळल्यावरच घरात जागा. बीसीडीत थोडी हवा भरून तो माळ्यावर, म्हणजे आतले पदर एकमेकांना चिकटत नाहीत. रेग्युलेटरच्या नळ्या परातीएवढ्या मोठ्या वेटोळ्यात, सुती पिशवीत, कपाटाच्या वरच्या फळीवर. माउथपीसवर फडकं बांधायचं, कारण झुरळांना अशी भोकं आवडतात. डांबरगोळ्या जवळ ठेवू नकोस, तो वास रबरात मुरतो आणि मग तोंडात येतो. मास्क त्याच्या कडक डबीत, काळ्या रबराला टेकू न देता, नाहीतर पारदर्शक सिलिकॉन पिवळं पडतं. फिन्स पलंगाखाली आडव्या. टोकांवर उभ्या ठेवल्या तर पाती वाकतात आणि तशाच राहतात. पावसाळ्यात दर रविवारी आई सगळं खाली काढून पंख्याखाली ठेवायला लावायची. मी कंटाळलो की ती स्वतः काढायची.

सिलिंडर आणि शिशाची वजनं मी घरात कधी आणली नाहीत. ती डाइव्ह सेंटरवर भाड्याने मिळतात. तूही विकत घेऊ नकोस. लहान घरात आधी मास्क, मग रेग्युलेटर, मग सूट. त्यापुढचं घर वाढलं तर.

तुमच्याकडच्या तिओमान बेटावरचा डायव्हिंगचा हंगाम आता ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे संपतो आहे, म्हणजे तुझं सामान पुढचे काही महिने घरातच राहणार. सिंगापूरची हवा तर बारा महिने आपल्या जुलैसारखी दमट. तुझी खोली लहान आहे, तू म्हणतेस सामान सुटकेसमध्येच बरं. सोनू, माझं सामान जागेच्या कमतरतेने खराब झालं नव्हतं. ओलं असताना डोळ्याआड टाकलं म्हणून खराब झालं. त्या दोन खोल्यांत ते पुढे कित्येक वर्षं टिकलं, कारण घरातल्या एका माणसाने त्याच्यासाठी स्वतःच्या साड्यांची खुंटी मोकळी केली.

तर या आठवड्यात सुटकेस उघड. सगळं पुन्हा एकदा गोड्या पाण्यातून काढ, वाळव आणि रेग्युलेटर सर्व्हिसिंगला दे. दाराआड एक खुंटी मोकळी कर आणि आजीच्या पाटाच्या हँगरवर तुझा सूट लाव. लावलास की मला कळव.

तुझा,
मामा