भावाच्या कॅप्सुली

हिरड्यांतून रक्त थांबेना म्हणून धाकट्या भावाला धुळ्यात आधी दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दंडावरचे निळे डाग पाहिले आणि रक्त तपासायला लावलं. प्लेटलेट अगदी तळाला गेल्या होत्या. चाळीसगावहून गाडी धरून परळचं टाटा हॉस्पिटल गाठलं.

संशय एपीएलचा होता. रक्ताच्या कॅन्सरच्या या प्रकारात रक्तस्रावानं माणूस चार दिवसांतही जाऊ शकतो, म्हणून पक्का रिपोर्ट यायची वाट न पाहता कॅप्सुली सुरू केल्या. औषधाचं नाव ॲट्रा, ‘अ’ जीवनसत्त्वाचंच एक रूप. या आजारात पांढऱ्या पेशी कोवळ्या अवस्थेत अडकून पडतात. ॲट्रा त्यांना पुढे वाढायला लावतं. शांघायच्या वांग झेन-यी यांनी 1985 साली पाच वर्षांच्या एका मुलीला ते दिलं. 1988 साली त्यांच्या गटानं 24 रुग्णांची हकीकत छापली, त्या सगळ्यांचा आजार आटोक्यात आला होता. भावाला सोबत सोमल, म्हणजे आर्सेनिकही होतं, शिरेतून.

गावाकडे मात्र बातमी पोचली ती ‘कॅन्सरवर व्हिटॅमिन’ एवढीच. मावशी फोनवर म्हणाली, “हाई ते व्हिटॅमिनच शे ना रे भाऊ?” आणि मेडिकलमधून गोळ्यांचे डबे यायला लागले. त्यांची माया मला कळत होती. पण इकडे भावाला ताप चढला होता, धाप लागत होती, अंगावर सूज होती. ॲट्रामुळेच असं होऊ शकतं, आणि स्टेरॉइड वेळेवर मिळालं नाही तर जीवावर बेततं. दुकानातलं ‘अ’ जीवनसत्त्व ॲट्राचं काम करत नाही, उलट जास्त झालं की यकृताला बाधतं.

यावलकडच्या एका नातलगाचा दाखला सगळे देत: “त्याचा ब्लड कॅन्सर इंजेक्शनांनी गेला.” त्याला कॅन्सर नव्हताच. घर शाकाहारी, बी-12 इतकं खालावलं की तिन्ही प्रकारच्या पेशी घटल्या. अशा वेळी ल्युकेमियाची शंका येते.

फॉलिक ॲसिड या आणखी एका जीवनसत्त्वाची गोष्ट तर मुंबईतूनच सुरू होते. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांचा रक्तक्षय यीस्टच्या अर्कानं बरा होतो, हे लुसी विल्स यांनी 1931 साली मांडलं. त्या शोधातून पुढे फॉलिक ॲसिड हाती आलं. बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांना ते ल्युकेमियाच्या मुलांना दिल्यावर आजार फोफावल्यासारखा दिसला. मग त्यांनी संशोधक सुब्बाराव यांच्या चमूनं बनवलेलं, फॉलिक ॲसिडलाच अडवणारं औषध वापरलं; 1948 साली 16 पैकी 10 मुलांना काही काळ उतार पडल्याचं छापून आलं.

2017 साली ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसनं उंदरांमधला ल्युकेमिया रोखल्याचं अमेरिकेत दिसलं. मला त्याची आशा वाटते, पण लिंबू-आवळ्यावर कुणाचे उपचार थांबू नयेत.

भाऊ आता साक्रीला दुकान सांभाळतो. आमच्याकडून कुणी रिपोर्ट घेऊन मुंबईला निघालं, की मी घरी जाऊन सांगतो: चालू असलेल्या गोळ्या, टॉनिकच्या बाटल्या, वैद्याच्या पुड्या, सगळं एका पिशवीत भरा आणि पहिल्याच दिवशी डॉक्टरांपुढे ठेवा.