एमआयडीसीतला उन्हाळा: गोधडी, पुस्तक आणि मोगरा

बारामतीतून भिगवण रस्त्याला लागले की कालव्याकाठची हिरवाई मागे पडते आणि माळ सुरू होतो. नीरा डाव्या कालव्याने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या तालुक्याचे दोन तुकडे केले, एक बागायत आणि दुसरा जिराईत. एकीकडे ऊस आणि साखर कारखाने, दुसरीकडे आभाळाकडे डोळे लावून बसलेली गावे. एमआयडीसी वसली ती माळावर. इथे पियाजिओच्या तीनचाकी गाड्या तयार होतात, भारत फोर्जमध्ये लोखंड घडते, दुधाची भुकटी होते आणि टेक्सटाईल पार्कमध्ये कपडे शिवले जातात. बारामती, इंदापूर, दौंड आणि नदीपलीकडच्या फलटणकडची माणसे इथे कामाला येतात. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो. रस्त्याचे डांबर मऊ होते आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी बसवत नाही.

अशा ठिकाणी उन्हाळ्याची कसली आली मौज, असे कुणीही विचारील. थंड हवेच्या ठिकाणी जाणारी माणसे वेगळी. कामगाराला उन्हाळ्याची सुट्टी नसते. सुट्टी असते ती त्याच्या मुलांना, आणि ती दिवसभर घरात असल्यामुळे त्यांच्या आईचे काम उलट वाढते. तरीही रुई, तांदुळवाडी, कटफळ या बाजूच्या वस्त्यांतून संध्याकाळी चार पावले टाकली, तर दारादारात काहीतरी चाललेले दिसते. ते पाहण्यासारखे असते.

सगळ्यात आधी डोळ्यात भरते ती गोधडी. आपल्याकडे लोकरीचे विणकाम शाळेतल्या बाईंनी शिकवले, पण घराघरात मुरली ती गोधडीच. तिचा हंगाम उन्हाळ्याचा. जुनी लुगडी आणि धोतरे धुऊन कडक वाळवायची, सतरंजीवर ताणून अंथरायची, थरावर थर घालायचे आणि कडेने धावदोरा घालत आत आत यायचे. दोन बायका समोरासमोर बसल्या की काम भराभर उरकते आणि बोलणेही होते. सून विचारते, "आत्या, ह्यो लाल तुकडा मधी घालू का?" सासू म्हणते, "घाल की बाई. तुझ्या सासऱ्याच्या पटक्याचा हाय त्यो." त्या एका तुकड्यावरून घरातल्या गेलेल्या माणसाची गोष्ट निघते आणि शेजारी बसलेली नात ती ऐकते. घराण्याचा इतिहास लिहून ठेवण्याची सोय ज्यांना कधी मिळाली नाही, त्यांनी तो असा टाक्यांत धरून ठेवला, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

यातली एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पार्कमध्ये शिवणकामाला जाणाऱ्या बहुतेक स्त्रियाच आहेत. शिवणकामाच्या अशा कारखान्यात एक बाई दिवसभर एकच काम करते. कुणी फक्त कॉलर लावते, कुणी फक्त बाही. पूर्ण झालेला सदरा कुणाच्या अंगावर जातो ते तिला कधी कळत नाही. मग इतके शिवून आलेली बाई घरी पुन्हा सुईदोरा कशाला हातात घेते? कारण गोधडी पहिल्या टाक्यापासून शेवटच्या गाठीपर्यंत तिची असते. नग मोजायला कुणी उभे नसते. टाका वाकडा गेला तरी गोधडी ऊब देतेच.

तरुण मुली क्रोशा घेऊन बसतात. साखळी, मुका खांब, खांब एवढे आले की टेबलावरचा रुमाल, दाराचे तोरण जमते. लोकर मात्र या दिवसांत नको. घामाने ती बोटांना चिकटते आणि सुईवरून सरकत नाही. सुती दोरा घ्यावा. बाळाचे टोपडे विणायचे असेल तर पहाटे, नाहीतर पाऊस पडून गारवा आल्यावर.

आता पुस्तकाकडे वळू. 14 एप्रिलला जयंतीच्या स्टॉलवर आपण पुस्तके घेतो. गर्दीत, उत्साहात घेतो, आणि मग ती फळीवर जाऊन बसतात. ती खरी उघडतात मे महिन्यात. मुलांची परीक्षा संपलेली असते, रात्री उकाड्याने झोप येत नाही, अंगणातल्या दिव्याखाली कुणीतरी मोठ्याने वाचते आणि बाकीचे ऐकतात. आजीला अक्षर येत नसले तरी तिचे कान तयार असतात. नातवाने एखादा शब्द अडखळत वाचला की तीच तो पुरा करते.

बारामतीहून फलटण काही लांब नाही. नीरा ओलांडली की तो तालुका लागतो. त्याच फलटणमध्ये बेबीताई कांबळे राहत. त्यांचा जन्म 1929 चा, बालपण गेले पुरंदर तालुक्यातल्या वीरगावात. लग्नानंतर त्यांनी किराणा मालाचे लहानसे दुकान चालवले. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीचे कागद त्या वाचून काढीत. घरात कुणाला दिसू नये म्हणून पुस्तक लपवून ठेवीत. लिहू लागल्या तेव्हा वह्याही वर्षानुवर्षे लपवूनच ठेवल्या. त्या लपवलेल्या वह्यांतून ‘जिणं आमुचं’ निघाले आणि 1986 मध्ये ते पुस्तकरूपाने आले. पुढे त्याचा इंग्रजी अनुवाद झाला आणि दूरदूरच्या देशांत तो वाचला गेला. 2012 साली बेबीताई गेल्या. ज्या बाईला घरात उघडपणे पुस्तक हातात धरता आले नाही, तिने आपल्या भागातल्या स्त्रियांचे अख्खे जिणे लिहून ठेवले. भगिनींनो, आपल्या घरी हे पुस्तक नसेल तर या उन्हाळ्यात अवश्य मिळवा. सोलापूर जिल्ह्यातल्या शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ही त्याच सुमाराचे. दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत अशी आहेत.

आज उंबऱ्यात बसून वाचणाऱ्या सुनेला पुस्तक लपवावे लागत नाही. तिला अडचण आहे ती वेळेची. पाळी सुटते, पाणी भरायचे असते, भाकरी थापायच्या असतात. वेळ ही काही आपोआप मिळालेली वस्तू नाही. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत, 1945 साली, कारखान्यातल्या कामगारांना पगारी रजा देणारी दुरुस्ती झाली आणि 1946 च्या दुरुस्तीने आठवड्याचे कामाचे तास 54 वरून 48 वर आले. आठवड्याचे ते सहा तास कुणी झोपेत घालवले असतील, कुणी लिहायला शिकण्यात. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातली रोजची मर्यादा 9 वरून 12 तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे 48 तास कायम आणि कामगाराची लेखी संमती हवी, असे त्यात म्हटले आहे. संमतीचा कागद पुढे आला की तो नीट वाचून, दोन सोबतिणींना विचारून मगच सही करावी. बारा तास उभे राहून आलेल्या बाईच्या हातात रात्री पुस्तक टिकत नाही आणि सुईही टिकत नाही, हे सांगायला पंडित नको.

राहता राहिली बाग. खोलीपुढे दोन हात जागा असली तरी पुरे. तेलाचे रिकामे डबे, फुटकी बादली, रंगाचे ड्रम यांना तळाशी भोके पाडून माती भरायची. माळावरचा मुरूम एकट्याने उपयोगाचा नाही. त्यात काळी माती आणि कुजलेले शेणखत मिसळावे. मोरीचे पाणी जाते तिथे आळू लावावे, पण साबणाचे पाणी तिकडे सोडू नये. कढीपत्ता, गवती चहा, कोरफड ही कष्टाळू माणसासारखी झाडे, थोडक्यात भागवणारी. तांदूळ आणि डाळ धुतलेले पाणी त्यांना आवडते.

पाण्याची चणचण असेल तर एक जुनी युक्ती आहे. न रंगवलेले लहान मडके झाडाजवळ गळ्यापर्यंत पुरायचे, पाण्याने भरायचे आणि वर झाकणी ठेवायची. मडके पाझरते आणि मुळे हवे तेवढे पाणी घेतात. ऊसतोड झाल्यावर शेतात पाचट पडलेले असते. ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून एक पोते भरून आणावे आणि झाडांच्या बुडाशी पसरावे. माती तापत नाही, ओल टिकते. शेतकरीसुद्धा ते जाळण्याऐवजी सरीत ठेवू लागले आहेत.

या सगळ्यांत मोगरा मात्र हट्टी. त्याला ऊन लागते. सावलीत नुसती पाने वाढतात, कळी धरत नाही. थंडी सरताना छाटणी केली, दोन आठवडे पाणी तोडले आणि मग खत घालून पाणी सुरू केले की एप्रिलपासून कळ्या लागतात. संध्याकाळी पाळीवरून येणारी बाई गल्लीच्या तोंडाशी आली की वासानेच तिला कळते की आज फुले उमलली. वैशाख पौर्णिमेला विहारात नेण्यासाठी मुले आदल्या संध्याकाळीच कळ्या खुडून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात.

मृग लागण्याआधी गोधडीचा शेवटचा टाका पडायला हवा. एकदा पाऊस धरला की ओली गोधडी वाळत नाही, आणि जूनमध्ये शाळा उघडली की दुपारच्या त्या चार बायकाही एका सतरंजीवर जमत नाहीत.