रेंज नसलेल्या वाडीतून क्विक शेअरला

प्रिय क्विक शेअर,



ऑगस्ट २०२० पासून तू आमच्या अँड्रॉइड फोनांत आहेस. तेव्हा तुझं नाव निअरबाय शेअर होतं आणि सॅमसंगच्या फोनांत क्विक शेअर नावाची वेगळी सोय होती. जानेवारी २०२४ मध्ये गुगल आणि सॅमसंगने दोन्ही एक केल्या, नाव सॅमसंगकडचं ठेवलं. इतकी वर्षं आमच्या खिशात असूनही बहुतेकांना तुझी ओळख नाही. शेजारी बसलेल्या माणसाकडे फोटो मागितला तरी उत्तर येतं, "व्हॉट्सॲपवर टाकतो." मला हे खटकतं, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे.

तू येण्याआधीचे दिवस सांगते, कारण तुला काय वारसा मिळाला ते त्यातून कळेल. गावोगावच्या मोबाईल दुकानांवर पाट्या असायच्या, "गाणी भरून मिळतील." मेमरी कार्ड काढून द्यायचं, दुकानदार ते कॉम्प्युटरला लावून भरून द्यायचा. मित्राकडचं गाणं हवं असेल तर ब्लूटूथ. एक गाणं जाईपर्यंत दोघांनी तिथेच उभं राहायचं. मग शेअरइट आणि झेंडर आले. एकाने पाठवण्याचं बटण दाबायचं, दुसऱ्याने घेण्याचं. कोणाला शिकवावं लागलं नाही. "शेअरइट कर ना" हे वाक्य कॉलेजच्या कट्ट्यापासून एसटीच्या मागच्या सीटपर्यंत ऐकू यायचं. पुढे त्या ॲपमध्ये जाहिरातींचा सुळसुळाट झाला, तरी लोकांनी ते सोडलं नाही. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली, त्यात ही दोन्ही गेली. तू आलास त्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी. पण तोवर डाटा स्वस्त झाला होता आणि देण्याघेण्याची सगळी सवय व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जाऊन बसली होती. तुझं आगमन कोणाच्या लक्षातही आलं नाही.

आमचं गावचं घर राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत आहे. घरात रेंज येत नाही. कोणाला फोन करायचा तर सड्यावर, म्हणजे वाडीवरच्या कातळाच्या पठारावर, चढावं लागतं. गणपतीत मुंबईचे चाकरमानी येतात, घर भरून जातं. आरत्या होतात, जाखडीचा नाच होतो, गौरीपुढे नव्या सुनेचा ओवसा होतो आणि प्रत्येकाच्या हातातला फोन ते सगळं टिपत असतो. गौरी-गणपतींचं विसर्जन झालं की मुंबईच्या गाड्या निघतात आणि ते सगळे फोटो, व्हिडिओ त्या गाड्यांतून मुंबईला जातात. जाताना प्रत्येक जण म्हणतो, "पाठवतो हां." महिन्याभरात ग्रुपवर थोडे येतात. व्हॉट्सॲप पाठवताना फोटो बारीक करतं, व्हिडिओचं तर पार पाणी करतं. आणि ते उतरवून घ्यायला वाडीतल्या माणसांना पुन्हा सडा चढावा लागतो. ज्यांच्या अंगणात सोहळा झाला, ज्यांनी पहाटे उठून मोदकांचं सारण ढवळलं, त्यांच्याच हाती त्यातलं सगळ्यात कमी उरतं. हा अन्याय आहे असं मला वाटतं, आणि तो मिटवण्याची ताकद तुझ्यात आहे.

गेल्या गणपतीत आत्याला तिच्या सुनेच्या ओवशाचा व्हिडिओ हवा होता. तो माझ्या फोनवर, चांगला सव्वा जीबीचा. तिचा फोन हातात घेतला. वरची पट्टी खाली ओढली तर तुझं चिन्ह दिसेना. पेन्सिलीच्या खुणेवर जाऊन, खाली पडलेल्या चिन्हांतून तुला शोधून वर आणावं लागलं. (तुला असं अडगळीत का ठेवतात, हे मला कधीच कळलेलं नाही.) ब्लूटूथ सुरू केलं, लोकेशन सुरू केलं. मग म्हटलं, "आता वायफाय चालू कर." आत्या माझ्याकडे बघत राहिली. "वायफाय खंय आहे गो आपल्याकडं?"

बहुतेक माणसं इथेच अडतात, आणि तुझ्याविषयी सगळ्यांत आधी सांगण्यासारखं हेच आहे. वायफाय म्हणजे इंटरनेट, अशी आपली समजूत झाली आहे. खरं तर वायफाय ही फक्त दोन यंत्रांनी आपसात बोलण्याची रीत आहे. मध्ये राउटर नसला, मागे केबल नसली, तरी दोन फोन एकमेकांशी थेट जोडले जातात. तू ब्लूटूथच्या मंद लहरींनी आधी आसपास कोण आहे ते शोधतोस, ओळख पटली की भार वायफायवर टाकतोस. फरक आकड्यांत दिसतो. फोनमधलं नेहमीचं ब्लूटूथ सेकंदाला दोन मेगाबिटच्या आसपास वाहून नेतं. त्या हिशेबाने आत्याच्या व्हिडिओला तासाहून जास्त वेळ लागला असता. वायफायच्या थेट जोडणीला तेच काम दोन-चार मिनिटांचं, फोन चांगले असतील तर त्याहूनही कमी. डाटाचा एक थेंब खर्च होत नाही. फाइल जशीच्या तशी जाते, एक ठिपकाही कमी होत नाही.

आत्याच्या फोनचं नाव म्हणून कंपनीचं नाव आणि मॉडेलचा नंबर पडला होता. ते बदलून 'आत्या' केलं. कोणाला दिसायचं, तिथे 'सगळे' निवडलं, फक्त दहा मिनिटांसाठी. माझ्या फोनवर व्हिडिओ उघडून शेअर दाबलं, तुला निवडलं, आणि पडद्यावर 'आत्या' उमटलं. "माझं नाव आलं गो तुझ्यात!" दोन्ही फोनांवर तेच चार आकडे आले. तिने ते मोठ्याने वाचले, मी माझे वाचले, तिने 'स्वीकारा' दाबलं. व्हिडिओ डाउनलोडच्या फोल्डरमध्ये जाऊन बसला आणि घरातल्या बाकीच्यांनी आपापले फोन पुढे केले.

आता ज्या गोष्टीची मला सगळ्यांत जास्त काळजी आहे, तिच्याकडे येते. तुझी गुरुकिल्ली वेगात नाही, कोण कोणाला दिसतं यात आहे. तुझा थोरला चुलतभाऊ एअरड्रॉप २०११ साली ॲपलच्या मॅकवर आला, २०१३ साली आयफोनवर. तो सगळ्यांसाठी उघडा ठेवणाऱ्या बायकांना लोकलच्या गर्दीत अनोळखी माणसांनी अश्लील चित्रं पाठवल्याचे प्रकार लंडनमध्ये झाले, २०१५ साली तिथल्या रेल्वे पोलिसांनी त्याचा तपासही केला. हाँगकाँगमध्ये २०१९ साली आंदोलकांनी त्याच उघडेपणाचा उपयोग करून पत्रकं वाटली. चीनमध्येही सरकारविरोधी मजकूर असा फिरू लागला, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ॲपलने तिथे 'सगळे' हा पर्याय दहा मिनिटांवर आणला. पुढच्याच महिन्यात तो जगभर लागू झाला. छळणाऱ्याचा हात त्याने आखडला, बोलू पाहणाऱ्याचाही. म्हणून दहा मिनिटांची ती मर्यादा मला एका डोळ्याने पटते, दुसऱ्याने नाही. घरच्या बायकांसाठी मात्र मी ती ठेवणारच.

'फक्त संपर्क' हा पर्याय तरी निर्धोक आहे का? जर्मनीतल्या डार्मश्टाट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ सालीच ॲपलला कळवलं होतं की एअरड्रॉप संपर्क ताडून पाहताना फोन नंबरांचं जे सांकेतिक रूप बाहेर पाठवतं, त्यावरून मूळ नंबर काढता येतो. कारण साधं आहे: नंबरांची संख्या मर्यादित असते. आपल्याकडचा दहा आकडी नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, संगणकाला सगळे पालथे घालायला फारसा वेळ लागत नाही. तू याहून सावध राहावंस अशी माझी इच्छा आहे. माणसांना माझं सांगणं एवढंच, की फोनच्या नावात पूर्ण नाव-आडनाव ठेवू नका. लोकलच्या डब्यातल्या अनोळखी माणसाने ते का वाचावं? 'आत्या' पुरे. काम झालं की दिसणं 'तुमची डिव्हाइस' वर आणून ठेवा. आकडे जुळल्याशिवाय काही स्वीकारू नका, समोर चेहरा दिसत असला तरी.

दुसरं दुखणं भिंतीचं. आमच्या घरातल्या पोरांकडे आयफोन आले आणि एकाच पंगतीत दोन पंक्ती झाल्या. आयफोनवाले आपसात एअरड्रॉप करतात, आत्याचा फोन बाजूला राहतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये गुगलने जाहीर केलं की तू एअरड्रॉपशी बोलू शकशील, सुरुवात पिक्सेल १० पासून. मला अतिशय आनंद झाला, पण ती सोय महागड्या फोनपासून सुरू व्हावी हे बरं वाटलं नाही. वाडीत दहा-बारा हजारांचे फोन असतात. ती सोय तिथवर पोहोचेपर्यंत मी घरात लोकलसेंड ठेवते. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, अँड्रॉइड, आयफोन, विंडोज सगळ्यांवर चालतं. एकाने हॉटस्पॉट लावायचा, बाकीच्यांनी त्याला जोडून घ्यायचं, डाटा बंद असला तरी चालतं. तुझ्याइतकं सुटसुटीत ते नाही, पण कोणाला बाहेर ठेवत नाही.

तुझ्याकडे मागणं असं. नव्या फोनमध्ये वरच्या पट्टीत तू पहिल्या दिवसापासून दिसायला हवास. वायफाय चालू करायला सांगताना, इंटरनेट लागणार नाही हे त्याच पडद्यावर साध्या मराठीत सांग. आणि एअरड्रॉपशी बोलण्याची सोय स्वस्त फोनांपर्यंत लवकर आण.

आमच्या बाजूने आम्ही या वर्षी एक ठरवलं आहे. गौरी-विसर्जनाच्या आदल्या रात्री, शेवटची आरती झाली की कोणी पत्ते काढायचे नाहीत. सगळे फोन ओटीवर आणायचे, आधी चार्ज करून. ज्याच्याकडे ज्याचा फोटो, त्याने तो तिथेच द्यायचा. थोरल्या काकांपासून सुरुवात, कारण त्यांच्या फोनमध्ये जागा कमी आहे आणि जुने व्हिडिओ पुसायला त्यांना वेळ लागतो.

कळावे, लोभ असावा.

राजापूरकडची एक भाची