खर्जाच्या जुन्या तारा

पियानोच्या खुंट्या बदलायला घेतल्या, की वरच्या सप्तकांतल्या साध्या पोलादी तारा नव्या घालायच्या, यावर कोणी वाद घालत नाही. वाद होतो खर्जाच्या तारांवर. पोलादी गाभ्यावर तांबं गुंडाळलेल्या या तारा महाग, स्वरागणिक वेगळ्या मापाच्या आणि दिसायला धडधाकट. म्हणून ‘पुसून परत लावा’ असा आग्रह होतो. मीरा-भाईंदरच्या हवेत तो मानू नये, असं माझं ठाम मत आहे. एकीकडे समुद्र, दुसरीकडे वसईची खाडी, मधे मिठागरं. उत्तन-डोंगरीच्या घरात तांब्यावर चढलेला हिरवट थर पुसता येतो. वेढ्यांच्या फटींत शिरलेली धूळ आणि खार निघत नाही. आणि दुखणं नेमकं तिथेच असतं. तांबं गुंडाळतात ते तारेला वजन यावं, तरी ती लवचीक राहावी म्हणून. वेढे जखडले की लवचिकपणा जातो, वरचे स्वरांश, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे सूर, घर्षणात लवकर विरतात. पियानोचा सर्वांत खालचा स्वर सेकंदाला 27.5 कंपनांचा; उभ्या पियानोतून ही मूळ कंपनं जेमतेम बाहेर पडतात. कान तो स्वर ओळखतो स्वरांशांवरून. तानपुऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गंधार ऐकणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. स्वरांश गेले की नुसता धप्प आवाज उरतो. तो सुरात लावणार तरी कशावरून?

तार सोडवून वेढ्यांच्या दिशेने एक पीळ दिला की आवाज उजळतो, असं सांगतात. खरं आहे, सैल वेढे त्याने घट्ट होतात. पण खार आतच राहतो. शिवाय खुंटीवरचं जुनं वळण उलगडून नव्या, जाड खुंटीवर पुन्हा वळवताना गंजका गाभा तिथेच तुटतो. ‘मूळ आवाज जाईल’ हा आक्षेप मला जास्त मोलाचा वाटतो. पण तो आवाज मुख्यतः मापांत असतो: गाभ्याची जाडी, वेढ्यांसकट जाडी, वेढे सुरू होतात आणि संपतात ती जागा. मायक्रोमीटरने ही मापं घेऊन तशाच तारा करून घेता येतात. जुन्या तारा क्रमांक घालून जपाव्यात त्या यासाठी, नमुना म्हणून. एकच तार तुटली असेल आणि बाकीच्या अजून बोलत असतील, तर मात्र संच बदलू नये. नवी एकटी तार शेजारच्या तारांत खुपते. तुटलेली जागा खुंटीजवळ असेल तर नवा तुकडा गाठ मारून जुनीच तार चालवावी. पण सगळ्या खुंट्या निघणार असतील आणि पैसे अपुरे असतील, तर काम वर्षभर थांबवा. नव्या खुंट्यांवर मेलेल्या तारा चढवू नका.