घासाघीस

गेल्या दिवाळीपूर्वीं दिवाणखान्याच्या मोठ्या भिंतीसाठीं कांहींतरी आणावें म्हणून जाऊबाई व मी हातकामाच्या एका प्रदर्शनास गेलों. तेथें डहाणूकडील एक वारली बाई चित्रें मांडून बसली होती. गेरूनें रंगविलेल्या कापडावर पांढऱ्या रेघांनीं काढलेला लग्नाचा चौक मला फार आवडला. तिनें दीड हजार सांगितले. मीं सवयीनें नऊशें म्हटलें. "ताई, पंधरा दिस लागले याला," एवढेंच ती बोलली. अखेर अकराशेंना चित्र माझ्या हातीं आलें. वाटेंत एका मोठ्या दुकानांतून तशींच चित्रें यंत्रावर छापलेले उशांचे चार अभ्रे घेतले, सोळाशें रुपयांना.

घरीं मी फुशारकीनें हें सांगत होतें, तोंच सासूबाईंनीं विचारलें, "मग त्या दुकानांत कां गं नाहीं केलीस घासाघीस?"

मला उत्तर सुचेना. रात्रीं हिशेब मांडला. दिवसाचे त्र्याहत्तर रुपये; त्यांतून कापड, रंग आणि गाडीभाडें जावयाचें! आमच्याकडे पापड लाटावयास येणाऱ्या बाई याहून पुष्कळ अधिक घेतात, व तें आम्ही निमूटपणें देतों.

वास्तविक हा चौक विकावयाचा जिन्नसच नव्हे. लग्नघराच्या भिंतीवर सुवासिनींनीं तांदळाच्या पिठानें तो काढावयाचा व मध्यें पालघट देवी मांडावयाची. लग्न लावते तीही बाईच, धवलेरी. आपल्या भटजींना हें ऐकून नवल वाटेल! १९७० नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी यांनीं या लोकांच्या हातीं कागद दिला, आणि चित्र भिंतीवरून बाजारांत आलें. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ सालीं पद्मश्री मिळाली, ती योग्यच होती. परंतु विद्या बायकांची आणि नांव बहुधा पुरुषांचें, असें येथेंही झालें. २०१४ सालीं या कलेस भौगोलिक निर्देशांकही लाभला. तथापि माझ्या अभ्र्यांच्या किंमतींतील एक पैसा तरी डहाणूस पोंचला असेल, असें मला वाटत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं चारशें रुपये घेऊन पुन्हां गेलें. ती आवराआवर करीत होती. पैसे पुढें करतांच तिनें माझ्याकडे पाहिलें, "फुकटचे नकोत, ताई," म्हणाली, आणि गाठोडें सोडून मोराचें एक छोटें चित्र काढून माझ्या हातांत दिलें. त्यास किती दिवस लागले होते, हें विचारण्याचा मला धीर झाला नाहीं.