टनेलवरचं ठिगळ

माझ्या स्नोमोबिलच्या टनेलला उजव्या अंगाला ॲल्युमिनियमचं एक ठिगळ आहे. चार बोटं रुंद, सहा रिवेट मारलेलं. कुणी विचारलं तर मी ‘मजबुतीसाठी’ म्हणून वेळ मारून नेतो. त्याच्याखाली मीच पाडलेलं एक चुकीचं भोक आहे.

मी राहतो मिशिगनच्या पार उत्तरेला, लेक सुपीरियरमध्ये घुसलेल्या किविनॉ द्वीपकल्पावर. मूळचा कोल्हापूरचा. हॉटनच्या मिशिगन टेकमध्ये एम.एस. करायला आलो आणि इथलाच झालो. इकडे रस्त्याकडेला बर्फाच्या मोजमापाचा एक उंच फलक उभा आहे, त्यावर १९७८-७९ च्या हिवाळ्याचा विक्रम नोंदलाय: ३९०.४ इंच, म्हणजे साडेबत्तीस फूट. हॉटन आणि हॅन्कॉक या दोन गावांमधला उचलता पूल हिवाळ्यात अशा उंचीवर ठेवतात की त्याच्या खालच्या मजल्यावरून स्नोमोबिली जातात. अशा गावात सासुरवाडीला जायलासुद्धा हीच गाडी काढणारे लोक आहेत.

स्नोमोबिलला पुढे दोन स्की आणि मागे रुंद रबरी पट्टा, त्याला ट्रॅक म्हणतात. मागचं सस्पेंशन त्या पट्ट्याच्या पोटात बसतं, त्याचं चालू नाव ‘स्किड’. दोन लांब रेल, रेलच्या तळाला हायफॅक्स नावाची प्लॅस्टिकची पट्टी, दोन शॉक, स्प्रिंगा आणि चाकं. हा सगळा सांगाडा टनेलला, म्हणजे सीटखालच्या ॲल्युमिनियमच्या पन्हाळीला, चार बोल्टांवर लटकलेला असतो. शनिवारी दुपारपर्यंत शेकडो गाड्या गेल्या की ट्रेलवर गुडघाभर उंचवटे तयार होतात. त्यांना इथे मोगल म्हणतात. नावावरूनच मराठी माणसाला चेव यावा. माझ्या जुन्या स्किडवर दोन तास त्यांच्याशी लढलो की तिसऱ्या दिवसापर्यंत कंबर धरलेली असायची. म्हणून एक वापरलेलं पण चांगलं, दुसऱ्या बनावटीचं स्किड विकत घेतलं. त्याच दिवशी जुन्याचा सौदाही करून टाकला. ही पहिली चूक, पण ती कळायला वेळ लागला.

मिशिगन टेकमध्ये क्लीन स्नोमोबिल चॅलेंज नावाची स्पर्धा भरते. निरनिराळ्या कॉलेजांची मुलं कमी धुराच्या, कमी आवाजाच्या गाड्या बनवून आणतात. विद्यार्थी असताना मी तिथे पाने उचलून द्यायचं काम केलं होतं. एवढ्या भांडवलावर मला वाटलं, चार बोल्ट तर आहेत.

पेट्रोलची टाकी रिकामी केली, गाडी जुन्या गादीवर कुशीवर आडवी केली, जुनं स्किड काढलं. नव्यासाठी टनेलला नवी भोकं पाडायची होती, त्यासाठी कागदी साचा आलेला. साचा ट्रॅक फिरवणाऱ्या पुढच्या शाफ्टच्या मध्यापासून धरायचा. डावीकडे तसाच धरला. उजवीकडे मात्र कागद उलटा करताना त्याची कड जुन्या बोल्टाच्या भोकाशी जुळवली, कारण ती छान जुळत होती! दोन बाजूंत पाऊण इंचाचा फरक पडला. स्किड बसवायला गेलो तर चौथा बोल्ट जाईना. इथे थांबून मोजायला हवं होतं. मी गोल कानस घेतली आणि भोक लांबट केलं. ॲल्युमिनियम मऊ असतं, माणसाच्या चुकीला लगेच वाट करून देतं. बोल्ट गेला. मी चहा केला.

गाडीचा मागचा भाग स्टँडवर उचलून ट्रॅक फिरवला तर तो डावीकडे सरकायला लागला. शेजारचे फिनिश वंशाचे म्हातारबुवा कुंपणाजवळून ओरडले, “मागून बाजूला हो आधी!” फिरत्या ट्रॅकमधून बर्फाचा गोळा नाहीतर तुटका खिळा गोळीसारखा येतो. बाजूला झालो. ट्रॅक ज्या बाजूला पळतो, त्या बाजूचा मागच्या आसाचा ॲडजस्टर आवळायचा असतो, कारण ट्रॅक ढिल्या बाजूकडे जातो. मी उलट केलं, सैल सोडला. पट्टा रेलला घासायला लागला. मग दोन्ही बाजू आळीपाळीनं पिळत बसलो. स्किडच तिरकं बसलेलं, तर ट्रॅक सरळ कसा राहणार? तासाभरानं तो कसाबसा मधे आला आणि मी खूश झालो.

आता सॅग, म्हणजे वजनानं सस्पेंशन किती खाली बसतं ते. रिकामी गाडी मागून उचलून सस्पेंशन पूर्ण सुटं करायचं, जमिनीपासून बंपरची उंची मोजायची. मग स्वार बसल्यावर पुन्हा मोजायची. फरक किती हवा ते पुस्तिकेत असतं, माझ्यात तीन ते चार इंच होता. तेवढा येईपर्यंत स्प्रिंगचा ताण कमीजास्त करायचा. मी टी-शर्टवर, पायात सपाता घालून बसलो, बायकोनं टेप धरला. साडेतीन. पहिल्याच फटक्यात! बायको म्हणाली, “एकदा परत बघूया का?” मी म्हणालो, “कशाला?”

पहिल्याच फेरीत वळणावर गाडी वळेना. हँडल वळतंय, स्की वळताहेत, गाडी सरळ झाडीकडे निघालेली. पुढचा भार हलका झालाय हे कळलं, म्हणून लिमिटर स्ट्रॅप आखूड केला. हा पट्टा स्किडचं पुढचं टोक वर धरून ठेवतो; आखूड केला की स्कीवर वजन येतं. गाडी वळायला लागली, पण दर उंचवट्याला हँडलमधून दणका, आणि घरी येईपर्यंत मनगटं गेलेली. मग पुढचा शॉक नरम केला. तर मागचा भाग थेट तळाला आदळायला लागला. मग मागच्या शॉकचं डॅम्पिंग वाढवलं. एका संध्याकाळी चार गोष्टी बदलायच्या आणि दुसऱ्या दिवशी पाचवी बिघडली म्हणून चिडायचं, असा जानेवारी गेला. वहीत काहीच लिहिलं नव्हतं, त्यामुळे परतीची वाट नव्हती. आणि जुनं स्किड विकून बसलेलो.

फेब्रुवारीत त्या पुलाखालच्या कालव्याच्या उघड्या, गुळगुळीत बर्फावरून पाचेक मैल एका दमात मारले. हायफॅक्सला वंगण आणि गारवा मोकळ्या बर्फाच्या भुग्यानं मिळतो. कडक बर्फावर तो उडतच नाही. जळक्या प्लॅस्टिकचा वास आला तेव्हा वाटलं पुढची गाडी. ती माझीच होती. उलटी करून पाहिलं तर डावी पट्टी सरसकट झिजलेली, पण उजवी एकाच कडेनं कापल्यासारखी. तिरकेपणाची एवढी लेखी साक्ष समोर असून मी दोष दिला बर्फाला. नवी पट्टी घातली.

मामांचं कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात दुचाकीचं गॅरेज होतं. रविवारी त्यांना व्हिडिओवर गाडी दाखवली. स्नोमोबिल त्यांनी जन्मात पाहिलेली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “किती भरतोस रे तू?”

“अठ्ठ्याहत्तर किलो.”

“कशावर?”

“काट्यावर, मामा. बाथरूममधल्या.”

“उघडाबंब उभा राहून, व्हय? मग गाडीवर बी तसाच बसतोस काय?”

फोन ठेवला आणि काटा गॅरेजमध्ये आणला. हेल्मेट, जाड बिब, जॅकेट, बूट, पाठीवरची सॅक: ९१. टनेलवरच्या पिशवीत पाने, जादा बेल्ट, दोर, थर्मास: आणखी नऊ. वर टाकी. गाडी कुशीवर घ्यायची म्हणून मी ती उपसली होती आणि सॅग मोजताना ती रिकामीच होती. चाळीस लिटर पेट्रोल म्हणजे तीसेक किलो. ते सगळं काही मागच्या स्किडवर येत नाही, पण हवेतही राहत नाही. आणि बुशिंगांना ग्रीस मारायच्या आधीच मी मोजलं होतं. कोरड्या बुशिंगांवर सांगाडा वर अडकून राहतो, खाली बसतच नाही. ग्रीस मारलं, टाकी भरली, सगळा जामानिमा चढवून बसलो, दोनदा उसळ्या घेतल्या. बायकोनं टेप धरला. सहाला थोडं कमी.

म्हणजे गाडी पूर्ण हिवाळा बूड टेकून चालत होती, म्हणून स्की हलक्या. लिमिटर, शॉक, डॅम्पिंग, मी जे जे फिरवलं ते सगळं त्या टेकलेल्या बुडावरचे लेप होते.

स्प्रिंग आवळली, बाकी सगळं पुस्तिकेतल्या मूळ आकड्यांवर नेलं, आणि गाडी पुन्हा कुशीवर आडवी केली. या वेळी शाफ्टच्या मध्यापासून मोजलं. खुणा करून झाल्यावर म्हातारबुवांना बोलावलं. त्यांनी माझं लांबट भोक पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, काही न बोलता घरी गेले आणि ॲल्युमिनियमचा तुकडा आणि रिवेट गन घेऊन आले. चारही बोल्टांना लॉकटाइट लावून टॉर्क रेंचनं आवळायचं कामही त्यांनीच माझ्याकडून करून घेतलं. मी ते आधी अंदाजानं आवळले होते हे त्यांना सांगितलं नाही. मागचा डावा बोल्ट हातानं फिरला, ते त्यांनी पाहिलंच होतं.

मार्चच्या पहिल्या शनिवारी निघालो. मोगल होते तसेच होते, कंबर मात्र जागेवर. पुलाच्या अलीकडे मागून एक गाडी आली, हात करून आरामात पुढे गेली. मागच्या पिशवीवरच्या स्टिकरवरून ओळखली. माझं जुनं स्किड तिच्याच पोटात होतं.